हामामात्सुचे तीन उन्हाळे

फेब्रुवारीतल्या एका सकाळी ड्राइव्हवेवरचा बर्फ काढता काढता चंद्रशेखर फावड्यासकट खाली बसला. मृणालिनी चपला न घालताच बाहेर धावली, तेव्हा त्याचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. जीव वाचला. उजवा हात लुळा पडला, पाय फरफटत का होईना चालायला लागला, पण शब्द गेले ते गेलेच. उरला एक ‘हो’. चहा हवा का? हो. नको का? हो. दुखतंय? हो. “त्यांना बरंचसं समजतं, फक्त शब्द सापडत नाहीत,” थेरपिस्ट म्हणायची. मृणालिनी मान डोलवायची आणि गाडीत येऊन रडायची.

मे महिन्यात एकदा थेरपीहून परत येताना बिग बीव्हर रोडच्या सिग्नलला गाडी उभी होती. त्यांच्या ट्रॉय गावातला तो वर्षातला पहिला खरा उबदार दिवस. तिने काचा खाली केल्या. वारा आत आला, आणि शेजारच्या सीटवरून गाणं ऐकू आलं.

आधी तिला वाटलं, रेडिओच लागलाय. मग तिने वळून बघितलं. चंद्रशेखर गात होता. डोळे समोर, डावा हात मांडीवर ताल धरत होता, आणि तोंडातून एकामागून एक शब्द पडत होते, न अडखळता. सिग्नल हिरवा झाला, मागच्याने हॉर्न मारला, तरी तिचा पाय ब्रेकवरून निघेना.

घरी येताच तिने लेकीला फोन लावला. चारुता दूर, विमानाने जावं लागेल अशा मॉरिसव्हिलला असते, नोकरी आणि दोन लहान मुलं यांत अडकलेली.

“आई, बाबा गातायत? आपले बाबा? ही नेव्हर सिंग्ज!”

“अगं, जपानी आहे बहुतेक. हामामात्सुला होते ना लग्नाआधी.”

लग्नाआधी तीन वर्षं चंद्रशेखर तिथल्या मोटरसायकलच्या सुट्या भागांच्या कारखान्यात ट्रेनिंगला होता. त्याबद्दल तो दोनच गोष्टी सांगायचा: तिथल्या गाड्या मिनिटाचाही उशीर करत नाहीत, आणि शाकाहारी माणसाचे तिथे फार हाल होतात. बत्तीस वर्षांच्या संसारात त्या तीन वर्षांचं एवढंच घरात आलं होतं. आणि गाणं? गाणं तर मृणालिनीचं. ती रीतसर शिकलेली. इथल्या मराठी मंडळाचा एकही कार्यक्रम तिच्या भावगीताशिवाय व्हायचा नाही. चंद्रशेखर आरतीतसुद्धा नुसत्या टाळ्या वाजवायचा. “आमच्याकडे गळा बायकोचा, मला सूर नाही,” म्हणायचा.

सूर होता. चांगला भरदार, मोकळा आवाज होता. मृणालिनीच्या कानाला ते पहिल्या ओळीतच कळलं होतं.

थेरपिस्टला आनंद झाला. गाणं मेंदूच्या दुसऱ्या बाजूला राहतं, असं ती म्हणाली. त्याच चालीवर रोजचे शब्द बसवून बघा. मग मृणालिनी त्या चालीवर “पाणी हवंऽ, पाणी हवंऽ” म्हणत त्याच्यापुढे बसायची. तो लक्ष देऊन ऐकायचा, ओठ हलवायचा, कपाळावर घाम यायचा, आणि शेवटी म्हणायचा, “हो.” पाच मिनिटांनी खिडकीकडे तोंड करून तो पुन्हा जपानीत सुरू. मराठीचा एक शब्द त्या वाटेने आला नाही. तिचं नावही नाही.

निदान तो काय गातोय ते तरी कळावं म्हणून तिने जवळच्या नोव्हाय गावातल्या जपानी किराणा दुकानाच्या फळ्यावर चिठ्ठी लावली. आठवड्याने सेत्सुको हारादा नावाच्या बाईंचा फोन आला. सत्तरीच्या, नवरा मोटार कंपनीच्या कामासाठी इकडे आला तेव्हापासून इथेच राहणाऱ्या, आता एकट्याच. त्या डब्यात भाताचे गोळे घेऊन आल्या, चंद्रशेखरला कमरेत वाकून नमस्कार केला, आणि तो गायला लागल्यावर तोंडावर हात ठेवून हसल्या.

“ही सगळी नात्सुची गाणी,” त्या इंग्रजीत म्हणाल्या. दोघी इंग्रजीतच बोलायच्या. “नात्सु म्हणजे उन्हाळा. आमच्याकडे दर उन्हाळ्याला एकेक बँड नवं गाणं काढतो. समुद्र, आतषबाजी, मोटारीच्या उघड्या काचा, आणि शेवटी कोणीतरी कोणाला तरी सोडून जातं. किनाऱ्यावरच्या खाण्याच्या टपऱ्यांमध्ये दिवसभर तीच वाजायची. माझ्या तरुणपणी मीही नाचलेय.”

एक, दोन, तीन गाणी त्यांनी ओळखली. चौथं सुरू झालं तेव्हा मात्र त्यांचं हसू थांबलं. त्यांनी ते पुन्हा ऐकलं. तिसऱ्यांदा ऐकलं.

“हे रेडिओवरचं नाही. ह्यात शेकारु असा शब्द येतोय. मिस्टरांचं नाव काय म्हणालात?”

“चंद्र-शेखर,” मृणालिनीने तोडून सांगितलं.

सेत्सुकोबाईंनी कागदावर एकेक ओळ लिहून अर्थ सांगितला. इंडियातून शेकारु आला, मासे काही खाईना. पण समुद्रावर गेला की सगळ्यांत मोठ्याने गातो. पुढच्या उन्हाळ्यात शेकारु नसेल, मग आम्ही कोणाच्या आवाजात गायचं?

“कारखान्यातल्या पोरांचा बँड असणार,” त्या हळूच म्हणाल्या. “उन्हाळ्यात कंपन्यांचे मेळे असतात, आवारात स्टेज, कंदील, आणि कामगारांची पोरं गिटार घेऊन. हे निरोपाचं गाणं दिसतंय. तुमचे मिस्टर त्यांचे गायक होते.”

त्या गेल्यावर मृणालिनी बराच वेळ स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिली. आणि एकदम तिला डोंबिवलीचं माहेर आठवलं. लग्नाला महिनासुद्धा झाला नव्हता. जेवणं झाल्यावर बहिणी चंद्रशेखरच्या मागे लागल्या होत्या, “भावजी, गाणं!” तो लाजला, मग उठला, डोळे मिटून त्याने काहीतरी परकं, उंच पट्टीतलं सुरू केलं. दोन ओळी झाल्या असतील. ती चोवीस वर्षांची, संगीत विशारद, सगळ्यांत आधी तीच फिस्सकन हसली होती. “अहो, हे गाणं आहे की मांजरांचं भांडण?” मग सगळं घर हसलं. तोही हसला आणि खाली बसला. त्या दिवसानंतर त्याने तिच्यासमोर कधी गुणगुणलंसुद्धा नाही. आणि ती हे साफ विसरून गेली होती.

ती बाहेरच्या खोलीत गेली, त्याच्या पायाशी बसली.

“अहो, मी हसले म्हणून बंद केलंत का?”

“हो,” तो म्हणाला.

“खरंच? एवढ्यासाठी?”

“हो.”

“की सूर लागत नाही असंच वाटायचं तुम्हाला? माझ्यामुळे नाही ना? सांगा ना. माझ्यामुळे नाही ना?”

“हो,” तो म्हणाला. मघाचाच स्वर, मघाचाच चेहरा. चहाचं विचारल्यावर असायचा तोच. त्याने डाव्या हाताने तिच्या डोक्यावर थोपटलं. त्या थोपटण्याचा अर्थ क्षमा असा घ्यायचा की नुसती सवय, हेही तिला ठरवता येईना.

मग तिने एक वेडं काम केलं. जून-जुलै दर मंगळवारी ती नोव्हायला जाऊन सेत्सुकोबाईंकडून ते चौथं गाणं शिकली. देवनागरीत लिहून घेतलं, रियाजाला बसल्यासारखी एकेक ओळ घोटली. तिला वाटलं, आपण सोबत गाऊ. तेवढंच प्रायश्चित्त.

ऑगस्टच्या पहिल्या रविवारी दुपारी दोघं मागच्या डेकवर बसली होती. त्याने गाणं धरलं. दुसऱ्या ओळीला तिने आपला आवाज हलकेच खाली लावला, अगदी सुरात.

चंद्रशेखर थांबला. त्याने तिच्याकडे पाहिलं. राग नव्हता, आश्चर्यही नव्हतं. आणि मग तो हसला. ते हसू तिने ओळखलं. डोंबिवलीच्या घरात खाली बसताना तो असाच हसला होता. ती एकटीच पुढच्या दोन ओळी गात राहिली, कारण थांबायचं कसं ते तिला सुचेना. मग तीही गप्प झाली. शेजारच्या घरात गवत कापायचं मशीन चालू होतं.

त्यानंतर ती समोर असताना तो गायला नाही. तिने विनवलं, पायाला हात लावला, खोटंच सांगितलं की मला काही येत नाही, मी पुन्हा तोंड उघडणार नाही. तो म्हणायचा, “हो.” ती खोलीतून उठून गेली, गराजचं दार लावल्याचा आवाज झाला, की आतून गाणं सुरू व्हायचं. मग ती रोज काहीतरी निमित्त काढून गराजमध्ये जाऊन उभी राहायला लागली. रद्दीच्या खोक्यांशेजारी, दाराला कान लावून, उकाड्यात. पूर्ण आवाजात गायचा तो. बत्तीस वर्षं ज्याच्याशेजारी झोपली तो माणूस तिला दाराआडून ऐकू येत होता.

सप्टेंबरच्या सुरुवातीला, लेबर डेच्या आठवड्यात दुसरा झटका आला. ह्या वेळी तो दहा दिवस हॉस्पिटलमध्ये होता. घरी आणला तेव्हा ‘हो’ गेलेला होता, गाणंही गेलेलं होतं. चारुता मुलांना नवऱ्यावर सोपवून धावत आली. तिने फोनवर जपानी उन्हाळ्याची गाणी शोधून काढली, सेत्सुकोबाईंनी नावं दिलेली तिन्ही, आणि एकामागून एक बाबांच्या उशाशी लावली. चंद्रशेखर छताकडे बघत राहिला. बोटसुद्धा हललं नाही.

“चौथं कोणतं गं, आई? त्यांचं स्वतःचं?”

“ते कुठे मिळणार. ते त्या पोरांनी केलेलं.”

“मग तूच म्हण. तू शिकलीयेस ना?”

“नको,” मृणालिनी म्हणाली. “माझ्याकडून नको.”

“ओके. मग तू रेकॉर्ड केलं असशील ना, बाबा म्हणत होते तेव्हा? एखादा व्हिडिओ? आय जस्ट वॉन्ट टू हिअर हिम वन्स.”

मृणालिनीने लेकीकडे पाहिलं. महिनाभर रोज ती गराजमध्ये उभी होती आणि फोन रोज तिच्या हातात होता, तो वाजला तर आतलं गाणं थांबेल म्हणून तिने बंद करून धरलेला.

“नाही गं,” ती म्हणाली. “सुचलंच नाही.”

चारुताने फोन उचलला. तिने गाणं बंद केलं आणि बाबांची चादर नीट केली.