पाण्याची रेघ

मी एक जुनी पाणसळ आहे आणि मित्रांनो, दोन वर्षे मी खोटे बोलत होते. मला ते ठाऊक होते. सांगायला मात्र तोंड नव्हते.

माझे अंग अक्रोडाच्या लाकडाचे, हातभर लांब. कडांना पितळी पट्ट्या. मधोमध काचेची छोटी नळी, तिच्यात हिरवट पाणी आणि एक बुडबुडा. एखाद्या फळीवर मला ठेवावे. बुडबुडा दोन खुणांच्या बरोबर मध्ये थांबला, तर फळी समतल. एवढेच माझे काम. देगू शहरातल्या एका सुताराने मला घडवले आणि काम शिकून बाहेर पडणाऱ्या गिल दोक-सूच्या हाती दिले.

पुढे गिलने सुतारकाम सोडले. बोंगसान-दोंगच्या गल्लीत चित्रांच्या गॅलऱ्या एकीला एक लागून आहेत. तिथे तो भिंतींवर चित्रे टांगू लागला. हळूहळू सगळे त्याला गिलकाका म्हणू लागले. सुरुवातीच्या वर्षांत काका रोज सकाळी मला खिडकीच्या पट्टीवर ठेवत, बुडबुडा बघत, मग माझी टोके अदलाबदल करून पुन्हा बघत. दोन्ही वेळा बुडबुडा मध्ये आला, तरच मी पिशवीत जाई. त्या तपासणीचा मला कधी राग आला नाही. उलट दिवसभर अंगात बळ राही.

पण कौतुक वाढले. गिलकाकांनी टांगले म्हणजे बघायला नको, असे चित्रकार म्हणू लागले. ते ऐकता ऐकता रोजची तपासणी आठवड्यावर गेली आणि एके दिवशी बंदच पडली. त्यानंतर दोन वर्षांपूर्वी गॅलरीच्या जिन्यात काकांचा पाय घसरला. गुडघा दुखावला. सगळे त्यांच्याकडे धावले आणि ते योग्यच होते. मी पायरीच्या कडेवर आपटले होते. नळीखालचा स्क्रू सैल झाला आणि नळी केसभर कलली. काकांनी मला पुसले, पिशवीत घातले. त्या दिवसापासून तिरक्याला मी सरळ म्हणू लागले. लहान चित्रांत ते कुणाच्या लक्षात येत नसे.

मग नोव्हेंबरातला कलामेळा आला.

या मेळ्यात नवोदितांचा एक विभाग असतो. प्रत्येक गॅलरीने एकाच नव्या कलावंताला आणायचे, एकच भिंत द्यायची. लोकांना दारे उघडण्याआधी परीक्षक फिरतात आणि तिघांची निवड करतात. गॅलरीच्या मालकीण योमबाई यांनी यंदा सेरिनला आणले होते. सेरिन बत्तीस वर्षांची. पहाटेपासून दुपारपर्यंत ती कापड रंगवण्याच्या कारखान्यात काम करी आणि उरलेल्या वेळात चित्रे काढी. याआधी दोन गॅलऱ्यांनी तिला नाही म्हटले होते. नवोदितांसाठी वयाची अट बत्तीसपर्यंतच. म्हणजे हे तिचे शेवटचे वर्ष.

तिचे चित्र तीन मोठ्या फळ्यांचे होते. हातकागदावर कारखान्यातल्या उरलेल्या रंगांचे थर, खाली गडद निळे, वर फिके. तिन्ही फळ्यांमधून एकच बारीक रेघ आडवी जात होती. रंगाच्या हौदात पाणी जिथवर चढते, तिथे हौदाच्या भिंतीवर जी खूण उरते, ती ही रेघ. मेळ्यातल्या भिंतीची लांबी पाच मीटर. इतक्या लांब मी कधी खोटे बोलले नव्हते.

काकांनी पहिली फळी टांगली, मला वर ठेवले. बुडबुडा मधोमध. दुसरी, तिसरी, तसेच. एक वाजून वीस मिनिटांनी काका शिडीवरून उतरले आणि त्यांनी किंबापचा, म्हणजे भाताच्या गुंडाळ्यांचा, डबा उघडला. परीक्षक दोनला येणार होते.

सेरिन मागे मागे सरकत गेली. समोरच्या भिंतीला पाठ टेकेपर्यंत गेली. मग परत आली आणि हळूच म्हणाली, "काका, उजवीकडे रेघ उतरलीये."

काकांनी घास चावत मान हलवली. "हॉलच्या फरशीला उतार आहे, पोरी. म्हणून तसं दिसतं. पाणसळ लावूनच टांगलंय."

ती पुन्हा मागे गेली. पुन्हा आली. "बोटभर तरी उतरलीये."

काकांनी डबा बंद केला. त्यांचा चेहरा मला खालून दिसत होता. कानापर्यंत लाल झाला होता. योमबाई मध्ये पडल्या. त्या सेरिनला बाजूला घेऊन म्हणाल्या, की काकांच्या हाताला चाळीस वर्षांचा सराव आहे, पहिल्या मेळ्याला प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे असेच होते, पाणी पी आणि बस. सेरिनने कमरेतून वाकून माफी मागितली. ती भिंतीआड गेली. तिथे भिंतीच्या मागचा कोरा पुठ्ठाच होता आणि ती त्याच्याकडे बघत उभी राहिली.

मित्रांनो, माझे लाकूड फुटून दोन तुकडे झाले असते, तर बरे झाले असते. माझ्या खोटेपणाची शिक्षा खरे बोलणारी भोगत होती.

दीड वाजून गेला. सेरिन बाहेर आली. बसलेल्या काकांशी वरून बोलणे होऊ नये, म्हणून या वेळी ती त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसली.

"काका, हे हौदातलं पाणी आहे. पाणी तिरकं उभं राहत नाही. रेघ तिरकी असली तर हे चित्र खोटं ठरतं, मग ते लागलं नाही तरी चालेल मला. एकदाच पाणसळ उलटी फिरवून बघाल का? बुडबुडा मध्ये आला तर मी एक शब्द बोलणार नाही."

योमबाईंनी घड्याळ बघितले. शेवटी काका गुडघ्यावर हात रोवून उठले, शिडी चढले आणि मला मधल्या फळीवर ठेवले. बुडबुडा मध्ये. त्यांनी माझी टोके फिरवली.

बुडबुडा सरकला आणि खुणेबाहेर जाऊन थांबला.

त्यांनी पुन्हा फिरवून बघितले. तिसऱ्यांदाही. मग ते शिडीवरूनच म्हणाले, "सोड खाली. तिन्ही." आवाज इतका बारीक होता, की योमबाईंना सेरिनने ते पुन्हा सांगितले.

पाणसळ दुसरी नव्हती. मागायला जायला वेळही नव्हता. काकांनी मला फेकले मात्र नाही. आधी सरळ ठेवून बुडबुडा किती ढळतो ते बघितले, मग उलट ठेवून. दोन्हीकडे सारखाच ढळेपर्यंत ते फळी केसभर वर, केसभर खाली करत राहिले. मित्रांनो, बिघडलेली पाणसळही दोन्ही बाजूंनी विचारले तर खरे सांगते. त्या वीस मिनिटांत मी जितके नेमके बोलले, तितके नवी असतानाही बोलले नव्हते.

काका दुखरा गुडघा शिडीला टेकवून वर उभे होते. सेरिनने फळी खांद्यावर पेलून धरली होती. पहिली लागली, दुसरी लागली आणि परीक्षक समोर येऊन उभे राहिले. पाच जण, हातात वह्या.

योमबाई पुढे झाल्या. सामान उशिरा आले असे त्या म्हणू शकल्या असत्या. "दहा मिनिटं द्या," त्या म्हणाल्या. "टांगण्यात आमची चूक झाली. चित्रकर्तीनं ती पकडली. तिचे गुण कापू नका."

परीक्षक एकमेकांकडे बघत पुढच्या भिंतीकडे गेले. ते परत आले, तेव्हा काका शिडी उचलत होते आणि पाच मीटरभर पाणी शांत उभे होते.

संध्याकाळी तीन नावे वाचली गेली. त्यांत सेरिनचे नाव नव्हते. ती भिंतीशी उभी राहून रडली, पण थोडेच. तिचे चित्र जसे होते तसे बघितले गेले होते. त्याच दिवशी योमबाईंनी तिला वसंतात अख्खी गॅलरी देऊ केली. काकांनी तिच्यापुढे मान झुकवली, तेव्हा ती इतकी गडबडली, की त्यांच्याहून खाली वाकली.

रविवारी तिच्या कारखान्यातले सात जण आले. इस्त्रीचे कपडे, नखांत निळा रंग. ते हळू बोलत होते, इकडे तिकडे बघत होते. त्यांतल्या सर्वांत वयस्कर मुकादमाने चित्राला हात न लावता रेघेच्या कडेने बोट नेले, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"हौद इथवरच भरतो आपण," तो म्हणाला.

मग सातही जण कितीतरी वेळ तिथून हलले नाहीत.

मित्रांनो, काकांनी माझा स्क्रू घट्ट केला आहे, तरी मी तुम्हांला माझ्यावर विसंबू नका असेच सांगेन. ज्याच्यावर तुमचा फार विश्वास आहे, त्याची पाठ थोपटून त्याला पिशवीत टाकून देऊ नका. वस्तू असो की माणूस, त्याला अधूनमधून उलटून, जवळून बघा. आणि एखादी नवखी मुलगी घाबरत घाबरत म्हणाली, की रेघ उतरली आहे, तर हातातला घास खाली ठेवा आणि आधी शिडी चढा.