बर्फाच्या कप्प्यातली बाटली

मी एक जुना फ्रिज आहे. मित्रांनो, माझी घरघर ऐकून घरातले म्हणतात, "याला आता भंगारात द्या." द्या खुशाल. पण आधी माझा राग ऐकून घ्या.

कारखान्यातून आलो तेव्हा माझं केवढं कौतुक! शेजारणी बर्फ मागायला यायच्या. पुढे रंग उडाला, दाराचं रबर सैल झालं, पण दूध मी कधी नासू दिलं नाही.

मग घरात सून आली. तिला लग्नाआधीपासून मधुमेह. तिच्या इन्सुलिनची बाटली माझ्या दारात, लोण्याशेजारी असायची. तिला दिवस गेले तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "साखर अशीच ताब्यात ठेव, बाळ सुखरूप राहील." पोर मोजूनमापून जेवायची, बोट टोचून साखर तपासायची.

पण पाहुणे आले की सासूबाई ती बाटली बर्फाच्या कप्प्यात, मटारच्या पिशवीखाली दडवायच्या. पोटुशी सून आजारी आहे हे चारचौघांत कळायला नको ना! पाहुणे गेले की बाटली परत दारात. मित्रांनो, गोठलेलं इन्सुलिन वितळलं की दिसतं पहिल्यासारखंच, पण त्याचा भरवसा उरत नाही.

सुनेची साखर चढू लागली.

"चोरून खातेस ना गं?"

"नाही हो, आई."

"मग काय साखर आभाळातून पडते?"

नवऱ्याने तर मुरंब्याची बरणी कुलपात ठेवली! मी संतापाने घरघरलो, तर त्याने मेकॅनिकला बोलावलं.

सासूबाई रोज बाळासाठी देवापुढे हात जोडायच्या, आणि त्याच हातांनी हे करायच्या. देवाला काय मटारच्या पिशवीखालचं दिसत नाही?

एकदा आत्या आल्या. सरबताला बर्फ हवा म्हणून सून उठली. "तू बस गं, मी आणते!" म्हणत सासूबाई धावल्या, पण तोवर कप्पा उघडला होता. बाटली दगडासारखी गोठलेली.

"आई, हे कधीपासून?"

"अगं, पाहुणे गेले की परत ठेवतेच की मी!"

सुनेचा आवाज कधी चढत नसे. त्या दिवशी तिने बाटली आत्यांसमोर टेबलावर ठेवली. "आत्या, मला मधुमेह आहे. हे माझं औषध. आणि मी चोर नाही."

नवरा चपला न घालताच औषधाच्या दुकानात धावला.

नव्या बाटलीने साखर उतरली. बाळ अजून पोटात आहे, आणि त्याचे ठोके चांगले आहेत म्हणे.

मित्रांनो, औषध लपवू नका. आणि साखर चढली तर बाईचं तोंड हुंगण्याआधी बाटली कुठे होती ते विचारा.

हल्ली पाहुणे आले की सासूबाई हळूच माझं दार उघडतात, बाटली जागच्या जागी आहे ना बघतात. मी त्यांना अजून माफ केलेलं नाही. बाळाचं रडणं कानी पडू दे, मग बघू.