एकेचाळीस मिनिटं

"आईपणा जास्त, नेतृत्व कमी," असं आमच्या मॅनेजरनी, रघुनंदन सरांनी, माझ्या कामाच्या वार्षिक अहवालात लिहिलं होतं. वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मी त्या कागदाची घडी घातली आणि तो पर्समध्ये ठेवून दिला.

मी कावेरी. आमचं मराठी घर बसवनगुडीत पिढ्यान् पिढ्या रुजलेलं, आणि माझं काम मारतहळ्ळीला. शहरात कुठेही आमच्या कंपनीची लिफ्ट अडकली आणि आतल्या माणसानं धोक्याचं बटण दाबलं, की फोन आमच्या खोलीत वाजतो. खोलीत आठ मुली आणि दिवसपाळीची प्रमुख मी. कंपनीचा नियम असा, की पत्ता घ्यायचा, मेकॅनिक पाठवायचा आणि तीन मिनिटांत फोन ठेवायचा. माझा नियम वेगळा. दार उघडेपर्यंत फोन ठेवायचा नाही. बंद डब्यात घामाघूम झालेल्या माणसाला 'आपली तक्रार नोंदवली आहे' असं ऐकवून एकटं सोडणं मला जमत नाही, आणि ज्यांना जमतं त्यांचा मला राग येतो.

मुलींना मी आणखी एक सांगून ठेवलं होतं. इथे कुणीही भेटलं की कन्नडमध्ये 'ऊट आयता?' विचारतं. जेवण झालं का, एवढंच. विचारणारा उत्तराला थांबत नाही, तोवर पुढच्या विषयावर गेलेला असतो. तुम्ही मात्र विचारा आणि उत्तर ऐका, असं मी बजावलं होतं.

गेल्या मंगळवारी दुपारी यल्लव्वाला फोन आला. ही खानापूरकडची मुलगी, दोन वर्षं पीजीत राहून नोकरी करणारी. तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधे अप्पासाहेब नावाचे सत्तरीतले गृहस्थ अडकले होते. मेकॅनिक मंजुनाथ रिंग रोडच्या ट्रॅफिकमध्ये होता. यल्लव्वानं सवयीनं विचारलं, "ऊट आयता, अज्जा?"

"कुठलं ग बाई," अप्पासाहेब म्हणाले. "साखरेचं इंजेक्शन घेतलं आणि खाली डबा आणायला निघालो, तर हे असं."

यल्लव्वा ताडकन उठून उभी राहिली. इंजेक्शन घेतलंय आणि पोटात काही नाही, म्हणजे रक्तातली साखर झपाट्यानं उतरणार, हे तिला कळत होतं. तिच्या वडिलांना तोच आजार आहे. "अज्जा, खिसे बघा की! कायतरी गोड हाय काय?" शर्टाच्या खिशात पेपरमिंटच्या दोन गोळ्या निघाल्या. तिनं त्या चघळायला लावल्या, त्यांच्याकडून नंबर घेऊन दुसऱ्या फोनवरून त्यांच्या सुनेला साखरपाणी घेऊन लिफ्टच्या दाराशी उभं केलं, अँब्युलन्स बोलावली, आणि म्हाताऱ्याला झोप लागू नये म्हणून त्याच्याकडून त्याच्या शाळेतल्या मास्तरांची नावं वदवून घेतली. मधेच त्यांची जीभ जड झाली तेव्हा यल्लव्वाचा आवाज चिरकला, पण ती बोलत राहिली. एकेचाळीस मिनिटांनी दार उघडलं. तोवर तिच्या वाट्याचे दोन फोन मी घेतले. अप्पासाहेब वाचले.

शुक्रवारी दुपारी अडीच वाजता सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर दोन कागद होते. एक माझ्या बढतीचा होता, तिन्ही पाळ्यांची मुख्य म्हणून. दुसरा यल्लव्वाचा मेमो. एक मेमो तिला आधीच मिळाला होता, तोही लांबलेल्या फोनसाठीच. दुसरा म्हणजे सरळ घरी. आणि घरी तिच्या लग्नाची बोलणी करायला मंडळी टपूनच बसलेली.

"मेमोवर सही करा, मग हा कागद तुमचा," सर म्हणाले. आमच्यासारखंच त्यांचंही घर इथलं जुनं मराठी, पण त्यांची मराठी काही हवं असेल तेव्हाच बाहेर येते. "स्वल्प समजून घ्या, कावेरी. मुलगी चांगली आहे, पण लाईन एकेचाळीस मिनिटं अडवली."

"माणूस वाचला, सर."

"शंभरात एखादा. त्यासाठी उरलेल्या नव्याण्णवांशी गप्पा मारायच्या?"

"त्या नव्याण्णवांचंच सांगते. माझ्या पाळीत आठ महिन्यांत एकानंही घाबरून दार उचकटलं नाही, कुणी उडी मारली नाही. रातपाळीत तिघांचे पाय मोडले. रजिस्टर तुमच्याच कपाटात आहे."

"तुम्ही फार मनाला लावून घेता. वरच्या खुर्चीला कणखर माणूस लागतो."

मला हसू आलं. गुदमरणाऱ्या माणसाला एकेचाळीस मिनिटं आवाजानं धरून ठेवायचं, याहून कणखर काम या इमारतीत कोण करतं? सरांनी तर एकही फोन कधी उचलला नव्हता.

मी पेन घेतलं. सर खुर्चीत सैलावले. मेमोवरचं यल्लव्वाचं नाव मी खोडलं आणि वर माझं लिहिलं. खाली लिहिलं, 'फोन न ठेवण्याचा आदेश माझा होता. आजही आहे.' सही केली, तारीख घातली आणि फोन काढून कागदाचा फोटोही घेतला.

"हे काय?"

"मेमो. पाळीप्रमुखावरचा."

सरांचा चेहरा उतरला. पाळीप्रमुखाचा मेमो मुख्य कार्यालयात जातो, सोबत फोनचं अख्खं रेकॉर्डिंग जातं आणि ते सरांच्या हजेरीत संचालकांसमोर वाजवलं जातं. हा नियम गेल्या वर्षी सरांनीच केला होता, आम्हाला धाक बसावा म्हणून.

"वेडेपणा करू नका. द्या तो कागद इकडे."

"हा आता टपालात जाणार. माझ्या वार्षिक अहवालाची प्रतही जोडते. कंपनी आईपणा कशाला म्हणते, ते रेकॉर्डिंग ऐकून त्यांनाही कळू दे."

"बढती विसरा मग. नोकरीही जाऊ शकते तुमची."

"जाऊ दे. पण त्या मुलीच्या नावावर मी सही करणार नाही."

भीती होतीच, कबूल करते. तरी बढतीचा कागद मी त्यांच्याकडे सरकवला आणि उठले. दाराशी पोचल्यावर काय वाटलं कोण जाणे, वळून विचारलं, "ऊट आयता, सर?"

आणि उत्तराला थांबले.

त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "नाही."

"मग जेवून घ्या. एकेचाळीस मिनिटं ऐकायचंय तुम्हालाही."