चाक बदलायचं राहून गेलं

मित्रांनो, मी पावाच्या कारखान्यातली पीठ मळणारी जुनी मशीन आहे. माझं वजन सहाशे किलो. पोटात लोखंडी आकडा फिरतो आणि खाली चार चाकं आहेत. पोतंभर पीठ मी एका दमात मळते.

सतरा वर्षं अक्का माझ्याजवळ काम करत होत्या. मळलेलं पीठ चिमटीत ताणून त्या म्हणत, "झालं बघ, आता पुरे," आणि मला बंद करत. त्यांचा अंदाज कधी चुकला नाही. लोक पावाला नावाजत, तेव्हा मलाही धन्य वाटे.

रोज दुपारी फरशी धुण्यासाठी मला भिंतीपासून ओढून काढत. माझं पुढचं चाक अडकू लागलं. अक्कांनी मुकादमांना तीनदा सांगितलं. दर वेळी एकच उत्तर, "बघू."

एके दिवशी दोघं जण रजेवर होते. अक्का म्हणाल्या, "मुकादम, हिला हलवायला चौघं लागतात. आम्ही दोघीच आहोत."

"आजचा दिवस भागवून घ्या. तपासणी आहे, फरशी लख्ख हवी."

दुसरी म्हणजे अक्कांची धाकटी जाऊ. दोघींनी जोर लावला. ओल्या फरशीवर माझं चाक अडलं आणि मी कलले. मला स्वतःला सावरता येत नाही, मित्रांनो.

"बाजूला हो गं!" अक्कांनी जावेला ढकललं. जाऊ वाचली. अक्कांचा उजवा हात मात्र माझ्या आणि भिंतीच्या मध्ये सापडला.

मला उचलायला सहा जण धावले. थोड्या वेळापूर्वी चौघं मिळत नव्हते.

चार महिन्यांनी अक्का भेटायला आल्या. जावेने त्यांच्या उजव्या हातावर पिठाचा गोळा ठेवला. बोटं मिटेनात. "काहीच कळत नाही गं," त्या हळूच म्हणाल्या.

मुकादम खाली मान घालून म्हणाले, "अक्का, चाक बदललंय."

"तीनदा सांगितलं होतं," एवढंच बोलून अक्का निघून गेल्या. जाऊ पदराने डोळे पुसत राहिली.

मित्रांनो, जड वस्तू हलवणारा माणूस 'थांबा' म्हणाला, तर थांबा. मोडकं चाक आजच बदला, आणखी हात बोलवा. माझ्या बाबतीत एवढं केलं असतं, तर आज अक्का इथे माझ्याजवळ उभ्या असत्या.