संगणक बंद करू नका

जिफाने ओपोकूसाहेबांचा हात बटणावरून बाजूला केला.

"बंद करू नका, साहेब. चोर आत्ता आतच आहे."

घानातल्या कुमासीच्या त्या दवाखान्यातून रुग्णांच्या फायली फुटून लोकांच्या फोनवर फिरत होत्या. ओपोकूसाहेब तिथले प्रमुख, आणि संशय नोंदणीवरच्या सेरवावर होता. सकाळी तिला पोलिसांत देणार होते. जिफा तपासाला अक्राहून आली होती. चोरांचा प्रोग्रॅम तिच्या चांगल्या ओळखीचा. दवाखान्यांच्या, बँकांच्या संगणकांची कुलपं पक्की आहेत का हे बघायला ती स्वतः तोच वापरायची. तो डिस्कवर उतरतच नाही, नुसता मेमरीत राहतो, आणि संगणक बंद केला की त्याचा मागमूस उरत नाही. साहेब शिस्तीचे, रोज संध्याकाळी स्वतः सगळं बंद करून जायचे. पुरावाही रोज तेच पुसत होते.

मेमरीची नक्कल अर्धी उतरली आणि वीज गेली. संगणकाची बॅटरी केकाटू लागली.

"जनरेटर?"

"त्यात तेल नाही," साहेब पुटपुटले.

दारात शेजारची मासेवाली आक्या उभी होती. तिला रक्तातून लागणारी जुनाट 'बी' कावीळ आहे हे याच फायलींतून बाजारभर झालं होतं. तेव्हापासून ती रोज येऊन सेरवाचा उद्धार करायची.

"गेली वीज? सुटली म्हणायची ही सटवी!" तिने टेबलामागे उभ्या सेरवाकडे बोट दाखवलं.

"मावशी, तुमच्या जनरेटरची वायर द्या," जिफा म्हणाली. "हा संगणक बंद पडला तर चोर कोण ते कधीच कळणार नाही."

"फ्रीझर आणि हे, दोन्ही नाही ओढत तो. माझे मासे?"

"द्या, मावशी," सेरवा म्हणाली. "मी असेन तर माझंच नाव निघेल."

आक्याने तिच्याकडे रोखून पाहिलं. मग जाऊन फ्रीझरला लावलेली जनरेटरची वायर उपटली आणि खिडकीतून आत टाकली. मानलं पाहिजे बाईला! कुठल्याही साहेबाने हे केलं नसतं.

नक्कल पुरी झाली. जिफा बराच वेळ वाचत राहिली.

"बाहेरचे लोक आहेत. शिरतात रोज येणाऱ्या खोट्या बिलांच्या ईमेलमधून. ते ईमेल साहेबच उघडतात."

साहेब चष्मा पुसू लागले. आक्या दुकानात परतली.

सेरवा तिच्या मागोमाग गेली.

"मावशी, दोन बांगडे द्या."

"चेष्टा करतेस? माझे मासे कोण खातंय हल्ली?"

"तुमची फाईल मीच तर लावली होती, दोन वर्षांपूर्वी. ही कावीळ माशांतून नाही लागत. तेव्हापासून तुमच्याकडूनच नेतेय ना मी?"

आक्या बांगडे गुंडाळायला कागद शोधू लागली.

"राहू दे कागद," सेरवा म्हणाली. तिने बांगडे तसेच, सगळ्यांना दिसतील असे, शेपटीला धरले आणि भर बाजारातून घरी निघाली.