स्टेअरिंगवरचा ठेका

बुवांची गाडी कधीच कुठे पोचत नसे. तासाला शंभरच्या वेगाने धावे, चढ चढे, सिग्नलला थांबल्यासारखी थांबे, पण जागची हलत नसे.

वाहन तपासणी केंद्रात त्यांचं कामच ते होतं. जमिनीत बसवलेल्या जाड लोखंडी रोलरवर गाडीची मागची चाकं चढवायची, गाडी साखळ्यांनी जखडायची, धुराच्या नळकांड्याला रबरी पाइप जोडायचा आणि समोरच्या पडद्यावर हिरवी रेघ जशी वरखाली होईल तसा पाय दाबायचा, सोडायचा. वीस मिनिटं. तेवढ्यात गाडीच्या पोटातून काय विष बाहेर पडतं ते शेजारच्या काचेच्या खोलीतलं यंत्र मोजून ठेवी. खाली सही बुवांची. सव्वीस वर्षं झाली, सहीचं वळण बदललं नाही.

बुवा हे काही त्यांचं नाव नव्हे. रोलरवर बसले की ते देवाचं काहीतरी गुणगुणायचे, म्हणून पडलेलं. गाणं आलं की ठेका आला, पण स्टेअरिंगला हात लावायची सोयच नव्हती. ते सरळ राहावं म्हणून कापडी पट्ट्याने सीटला बांधून टाकायचं, असा नियम होता. म्हणून बुवा ठेका मांडीवर धरीत.

त्या मंगळवारी पट्टा तुटला. रोलरवर एक नवी कोरी डिझेल पिकअप चढवलेली होती. काचेच्या खोलीतल्या मॅडम माइकवरून म्हणाल्या, "नवा पट्टा उद्या येईल. आजचा दिवस हातानेच धरा, बुवा."

बुवांनी धरलं. पण गुणगुणणारा माणूस हात नुसते कसे धरून ठेवील? पाचव्या मिनिटाला स्टेअरिंग डावीउजवीकडे बोटभर डुलायला लागलं.

"बुवा, काय केलंत?" माइक ओरडला. "विषाचा आकडा नऊपट झाला!"

"मी काय करणार? रेघेवरच आहे की मी."

पाइप तपासला. ठीक होता. यंत्र तपासलं. तेही ठीक. पुन्हा वीस मिनिटं चालवली. या वेळी घाबरून बुवा गप्प बसले होते, हात दगडासारखे. धूर स्वच्छ. मॅडम काचेला नाक लावून बघत राहिल्या. त्यांचं वय बुवांच्या मुलीएवढं, पण नजर घारीची.

"मघाशी गात होतात ना?"

"चुकलं, मॅडम."

"चुकलं नाही. आता परत गा."

बुवांनी आयुष्यात असं फर्माइशीचं गाणं म्हटलं नव्हतं. तरी सुरू केलं, स्टेअरिंग डुललं, आणि आकडा उडी मारून वर. थांबले की खाली. पुन्हा गायले की पुन्हा वर. पहिल्या दोन वेळा मॅडम हसल्या, तिसऱ्या वेळी थांबल्या.

"गाडीला कळतं," त्या हळूच म्हणाल्या. "स्टेअरिंग हललं नाही म्हणजे आपण रोलरवर आहोत, हे तिला कळतं. मग ती शहाण्यासारखी वागते. रस्त्यावर वळण तर येणारच. वळण आलं की आपल्या मूळ स्वभावावर."

बुवांनी चावी फिरवून इंजिन बंद केलं. वर्षभर बातम्या येत होत्या, ही कंपनी फसवते, ती कंपनी फसवते म्हणून. ते ऐकायचे आणि चॅनल बदलायचे. पण या पिकअपच्या इंजिनाचा मेंदू, म्हणजे त्याचं सॉफ्टवेअर, लिहिणाऱ्या चार जणांत त्यांचा जावई होता. मागच्याच रविवारी जेवताना त्याला पाठीवर थाप मारून ते म्हणाले होते, "जावईबापू, तुमची गाडी माझ्या हातात येणार बरं का! पास करायला काय द्याल?" सगळे खळखळून हसले होते. जावई तेवढा पाण्याचा पेला शोधत बसला होता. ते आत्ता आठवलं.

"मॅडम, तिथे माझा जावई आहे."

"तुम्ही जानेवारीतच लिहून दिलंय ते. मी आजच कंपनीला कळवते. उद्या दहा वाजता त्यांचा माणूस समोर उभा राहील आणि चाचणी परत होईल. तुम्हाला नको असेल तर दुसऱ्याला बसवते. कोणी काही म्हणणार नाही."

सुटका किती सोपी होती! बुवा "हो" म्हणणार होते. तोंडातून निघालं, "सकाळी सांगतो."

संध्याकाळी मुलीचा फोन आला. "बाबा, तुमच्याकडे काही झालंय का? हे ऑफिसातून आल्यापासून गॅलरीत उभे आहेत. चहा तसाच गार झाला. विचारलं तर म्हणतात, टाकी लहान पडली. कसली टाकी, बाबा?"

बुवांना माहीत होती कसली. धुरातलं विष मारायला एक औषधी पाणी फवारावं लागतं, त्याची टाकी. खरोखर फवारलं तर ती महिन्यात रिकामी होते आणि गिऱ्हाईक कुरकुरतं. जपून फवारलं तर वर्षभर पुरते. मोठी टाकी बसवायला गाडीखाली जागा नव्हती. कोणीतरी म्हणालं असेल, मग फवाराच कमी करा की. आणि कोणीतरी मान खाली घालून तसं लिहिलं असेल.

"काही नाही गं. कामाचं असेल. तू जेव."

"बाबा, त्यांना काही होणार नाही ना?"

साधं "नाही" म्हणणं बुवांना इतकं अवघड कधीच गेलं नव्हतं. "झोप आता," एवढंच ते म्हणाले. सही दुसऱ्याने केली तर आपले हात स्वच्छ राहतील. पण ठेका आपला, पाहिलं आपण. पाहिलेलं दुसऱ्याच्या खांद्यावर टाकून कोणत्या तोंडाने देवाच्या पायाशी बसायचं?

सकाळी नवा पट्टा आला. दहाला पाच कमी असताना कंपनीचा माणूसही आला. जावईच होता. दाढी केलेली नव्हती. हातात पत्र होतं. मॅडमनी ते मोठ्याने वाचलं: चाचणी नियमाप्रमाणे, स्टेअरिंग बांधूनच व्हावी.

"तुम्हालाच पाठवलं?" बुवांनी विचारलं.

"मुद्दाम, मामा. साहेब म्हणाले, घरचेच आहेत, समजून घेतील."

"बुवा," मॅडम म्हणाल्या, "तुम्ही बसणार की…"

"मीच बसतो."

पट्टा बांधला. वीस मिनिटं गेली. धूर असा स्वच्छ, जणू गाडी उदबत्ती लावून बसली होती. मॅडमनी कागद पुढे केला. 'चाचणी नियमाप्रमाणे झाली.' त्यात खोटं एक अक्षर नव्हतं. बुवांनी पेनाचं टोपण काढलं, परत लावलं.

"आता पट्टा सोडून एकदा."

"पत्रात नाही ते," जावई म्हणाला. पण आवाजात जोर नव्हता.

"अहो, पत्रात नसेल. रस्त्यात आहे ना? माझी पोरगी त्याच रस्त्याने जाते, तुमची आई जाते. मी तुम्हाला शिव्या देत नाहीये, जावईबापू. मला फक्त सही करता येत नाहीये."

पट्ट्याची कडी आत, सीटच्या कडेला होती. बुवांनी हात पुढे केला, तर बोटं थरथरत होती, कडी काही सापडेना. दाराशी सावली आली. जावई वाकला. दोघांच्या चार हातांनी मिळून ती कडी एकदाची निघाली.

"पोरीला सांगितलंत?" बुवांनी हळूच विचारलं.

"रात्री. सगळं."

"काय म्हणाली?"

"दार लावून बसली."

जावई काचेच्या खोलीत जाऊन पडद्यासमोर उभा राहिला. पंखा घरघरायला लागला. हिरवी रेघ सरकली. बुवांनी गुणगुणायला तोंड उघडलं, पण सव्वीस वर्षांत पहिल्यांदा एक ओळसुद्धा आठवली नाही. ठेका कुठून येणार?

ठेक्याची गरजच लागली नाही. हातांचा कंपच पुरेसा होता. स्टेअरिंग थरथरत राहिलं आणि काचेपलीकडे जावयाचा चेहरा हळूहळू वर चढणाऱ्या आकड्याबरोबर उतरत गेला. बुवांच्या खिशात फोन वाजू लागला. पोरीचाच असणार. अजून चौदा मिनिटं उरली होती आणि रेघेवरून पाय काढता येत नव्हता.