तापल्या पत्र्यावरचा बटाटा

त्या साली चुनचन गावात अशी थंडी पडली, की माणूस शिंकला तर शिंक आधी खाली पडून खळ्ळकन फुटायची आणि आवाज मागून यायचा. ऐन त्याच आठवड्यात प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या खोलीचा बॉयलर बंद पडला.

कुडकुडणारे उंदीर पाहून तिथल्या मदतनीस सोन्जूला राहवेना. तिनं सगळे पिंजरे विश्रांतीच्या खोलीत नेले आणि खालून तापवलेल्या जमिनीवर मांडले. वर आपली रजई घातली. बॉयलर दुरुस्त होईपर्यंत उंदीर तिथंच पाय पसरून लोळले, सुना हाताशी आलेल्या सासवांसारखे.

प्रयोग साधा होता. निम्म्या उंदरांना डोकेदुखीची नेहमीची गोळी पाजायची, निम्म्यांना नुसतं पाणी. मग एकेकाला तापल्या पत्र्यावर ठेवायचं. पंजा चाटला की लगेच उचलायचं. गोळीवाला उशिरा चाटतो, पाणीवाला लवकर.

बॉयलर पुन्हा सुरू झाला त्या दिवशी मात्र पाणी प्यालेला बटाटा (उंदरांना नाव द्यायची मनाई होती, तरी तिनं याला दिलं होतं) पत्र्यावर गेला, एक गिरकी घेऊन आडवा झाला आणि त्यानं डोळे मिटले. सोन्जूनं घाबरून त्याला उचललं. पंजे ठीक होते. पाणीवाला दुसराही तसाच झोपला.

"वा!" दुखरी कंबर दाबत प्रयोगशाळेचे प्रमुख प्यो सर म्हणाले. "गोळीपेक्षा आपल्या नळाचं पाणी भारी! सोन्जू, काय केलंस?"

खरं सांगितलं तर उंदीर प्रयोगातून बाद. आणि बाद झालेले संध्याकाळपर्यंत संपवायचे, असा नियम. मग वर्षाच्या शेवटी प्रयोगांत मेलेल्या प्राण्यांच्या स्मृतिशिळेपुढे सफरचंद ठेवून ती कुठल्या तोंडानं वाकणार होती? पण सरांशी खोटं बोलणंही तिला जमेना.

"सर, गरम जमिनीवर झोपवलं त्यांना. मरतील असं वाटलं हो."

सर विश्रांतीच्या खोलीत गेले, बूट काढून जमिनीवर उताणे पडले.

"बटाट्याला आण."

"सर, नाव तुम्हाला..."

"तू हाक मारतेस ती अर्ध्या गावाला ऐकू जाते."

बटाटा त्यांच्या कंबरेपाशी मुटकुळं करून झोपला. बऱ्याच वेळानं सर म्हणाले, "आज सकाळची गोळी घ्यायचीच राहिली."

"मग कंबर?"

"चूप. मी पाणीवाला आहे."

सोन्जूला हसू आणि रडू एकदमच आलं.

"गोळीचा प्रयोग नव्या उंदरांवर, पहिल्यापासून," सर डोळे मिटूनच म्हणाले. "आणि उबेनं दुखणं किती शमतं, हा याच उंदरांचा वेगळा प्रयोग. पत्रा नको, नुसती जमीन. म्हातारे होईपर्यंत चालेल. परवानगी मी आणतो. पण नव्यांना रजई दिलीस, तर तुलाच पत्र्यावर ठेवीन!"

तो प्रयोग लांबतच गेला. रोज जेवणानंतर सर आणि बटाटा शेजारी शेजारी पडायचे, आणि घोरायला आधी बटाटा लागायचा.